त्रिशलावहिनींची दुपार

"जखम खोटं बोलत नाही. खोटं बोलतात ती माणसं," असं म्हणून मी समोर बसलेल्या पोलीस अधिकाऱ्यांकडे पाहिलं. हे वाक्य मी दर प्रशिक्षणवर्गात टाकत असे आणि दर वेळी दोघं-तिघं तरी ते लिहून घेत. त्या दिवशीही घेतलं. मला बरं वाटलं. माणसानं स्वतःच्या वाक्यावर फार खूश होऊ नये, एवढं शहाणपण तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

वर्ग चालला होता मिरजेच्या आमच्या व्रणविज्ञान केंद्रात, आणि विषय होता आमचं यंत्र. त्याचं सरकारी नाव उच्चारताना मध्ये पाणी प्यावं लागतं, म्हणून सगळे त्याला घावघड्याळ म्हणतात. जखम कधी झाली, ते हे यंत्र सांगतं. पूर्वी डॉक्टर रंग, सूज, खपली बघून अंदाज बांधायचे आणि कोर्टात वकील त्या अंदाजाच्या चिंध्या करायचे. घावघड्याळ आल्यापासून वकिलांची तोंडं बंद झाली होती.

"समजा, तुम्ही एका मांडवात शिरलात," मी सांगत होते. "बांबू बांधणारे दिसले, तर लग्नाला अवकाश आहे. आचारी घामाघूम दिसला, तर मुहूर्त जवळ आलाय. आणि पत्रावळी उचलणारे दिसले, तर तुमचं जेवण बुडालं. त्वचेचंही तसंच आहे. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी एकदम कामाला लागत नाहीत. काप गेला की आधी आरडाओरडा करणारी जनुकं जागी होतात. ती सूज आणतात, पांढऱ्या पेशींना हाका मारतात. त्यांचं झालं की कोलॅजन विणणारी, मग नवी कातडी पसरवणारी. कामाला लागलेलं जनुक आरएनएच्या प्रती काढत राहतं. जखमेच्या कडेचा तिळाएवढा तुकडा घ्यायचा आणि कुणाच्या किती प्रती निघाल्यात ते मोजायचं. मांडवात कोण राबतंय ते कळलं, की किती वाजलेत ते कळलं."

तेवढ्यात फोन वाजला. माझा थोरला भाऊ सुकुमारदादा बोलत होता.

"पद्मा, आप्पास्नी लागलंय. डोक्याला. तू ये बघ लवकर."

आप्पा म्हणजे आमचे वडील, बाळगोंडा आवटी. सांगलीच्या मार्केट यार्डात एके काळी नुसतं हळकुंड मोडून त्याच्या आवाजावरून भाव सांगणारे अडते. आता त्यांना सकाळ कुठली आणि संध्याकाळ कुठली हे उमगत नव्हतं. मनगटाला बांधलेला आरोग्यपट्टा त्यांनी तीनदा पाण्याच्या टाकीत टाकला होता, तेव्हा आम्ही तो नाद सोडला. दादा आणि त्रिशलावहिनी त्यांना आळीपाळीनं सांभाळत. वहिनी प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यांची शाळा सकाळची, म्हणून सकाळी दादा घरी थांबायचा. दुपारी वहिनी परतायच्या पाचच मिनिटं आधी तो बाहेरून कडी घालून यार्डात निघायचा.

दवाखान्यात पोचले तर वहिनी बाहेर उभ्या होत्या. पदराला रक्त लागलं होतं. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"पद्मजाताई, मी शाळेतनं आले तेव्हा टोपी घालून गप बसले होते. वाढलं, जेवले. मग टोपी काढायला गेले तर निघंना झाली, चिकटली होती. लागलेलं होतं हो आधीच."

"मी निघालो तेव्हा तर चांगले होते," दादा भिंतीकडे बघत म्हणाला.

आप्पांना टाके पडले. ज्येष्ठ संरक्षण कायद्यानं आता असं आहे, की म्हातारं माणूस जखम घेऊन दवाखान्यात आलं की नमुना घ्यावाच लागतो. परिचारिकेनं जखम धुतली, नमुना घेतला, तो आमच्याच केंद्रात गेला. नातं असल्यामुळे मी त्याला हात लावू शकत नव्हते. आमच्या तंत्रज्ञानं, अल्ताफ मुजावरनं, यंत्र चालवलं. निकाल मला त्यानं सांगितला नाही, नुसता पडदा माझ्याकडे फिरवला.

जखम दुपारची होती. वहिनी घरी परतल्यानंतरची.

मी तो आकडा वाचला आणि मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा नमुना आहे. मग आप्पांचं नाव वाचलं. मग पुन्हा आकडा. पंचवीस वर्षं ज्या बाईच्या हातचं मी जेवले, जी आप्पांची धोतरं न कुरकुरता धूत होती, ती? शेजारच्या बाईंनी पोलिसांना सांगितलं, की सासरा-सुनेचा आवाज रोजच चढलेला असायचा. तो तर ज्या घरात असा म्हातारा असतो त्या प्रत्येक घरात असतो. पण आता त्या आवाजाला अर्थ आला होता.

तपासाला आलेला अधिकारी त्या दिवशी माझ्याच वर्गात बसलेला. वहिनी त्याच्यापुढे हात जोडून तेच तेच सांगत होत्या, आणि तो माझ्याकडे वळून आदरानं म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगितलंय. जखम खोटं बोलत नाही."

वहिनींना घेऊन गेले. ह्या कायद्यात जामीन जवळजवळ मिळतच नाही.

दादाचा फोन कुठं होता, आप्पांची टोपी कशी होती, शेजाऱ्यांनी सकाळी काय ऐकलं, हे कुणीही विचारलं नाही. यंत्रानं वेळ दिल्यावर बाकीचं तपासायची गरज कुणाला वाटेना. वहिनींची मुलगी ऋजुता बंगळुरूहून फोनवर रडली आणि म्हणाली, "आत्या, तुझंच मशीन आहे. तूच सांग, आईवर विश्वास ठेवू का?" मी म्हटलं, "आई थकली होती गं." ह्याचा अर्थ काय होतो, ते तिला बरोबर कळलं. त्यानंतर तिनं आईला एकदाही फोन केला नाही.

मी मात्र तुरुंगात जात राहिले. सोडवायला नाही, समजून घ्यायला. मला वाटायचं, ही बाई वाईट नाही, तिच्या हातून एका क्षणी झालंय आणि तिच्या मनानं ते झाकून ठेवलंय.

"आठवून बघा, वहिनी," मी म्हणायचे. "मन नको ते लपवतं. शास्त्र आहे ते. काय झालं ताट वाढल्यावर?"

"काही नाही हो. जेवले."

"त्याच्या आधी? ते चिडले होते का? हातात काय होतं तुमच्या?"

पहिल्या महिन्यात त्या ठामपणे मान हलवायच्या. नंतर नंतर हलवेनाशा झाल्या. एकदा त्यांनी विचारलं, "ते यंत्र कधीच चुकत नाही का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. पुस्तकात छापलंय ते खरं, असं तीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई होती ती.

घरात आता बाई नव्हती. मी संध्याकाळी केंद्रातून सुटले की सांगलीला जायची, आप्पांचं आणि दादाचं करून यायची. दादा माझ्याशी फारसं बोलत नसे. मी ते दुःख समजले. एकदा दोडका चिरताना विळी बोटात शिरली. चांगलीच शिरली. मी ओरडले, आणि ओरडतानाच डावा हात मिसळणाच्या डब्यात गेला. चिमूटभर हळद दाबून भरली, वर चिंधी बांधली, आणि भाजी फोडणीला टाकली. ह्यात विचार वगैरे काही नव्हता. आईनं केलं, आजीनं केलं, माझ्याही हातानं केलं.

आमच्या केंद्रात एक रिवाज आहे. रोज यंत्र सुरू करण्याआधी त्याला एक साक्षीचा नमुना द्यायचा, म्हणजे जिची वेळ आपल्याला पक्की ठाऊक आहे अशी जखम. त्यासाठी एकेकानं पाळीपाळीनं दंडावर छोटासा काप घ्यायचा. त्यामुळे आम्हा सगळ्यांचे दंड जुन्या काळच्या देवी टोचलेल्या माणसांसारखे दिसतात. दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती.

"नवी कशाला? तयार जखम आहे की," मी अल्ताफला म्हटलं. "काल दिवेलागणीची. घे."

त्यानं चिंधी सोडली, बोट नियमानुसार स्वच्छ धुतलं, कडेचा तुकडा घेतला. यंत्रानं नेहमीसारखी घरघर केली आणि उत्तर दिलं. जखम आज पहाटेची.

"पहाटे काय चिरत होता, मॅडम?" अल्ताफ हसला.

"पहाटे मी घोरत होते. परत लाव."

परत लावलं. पहाटच. मी दंडावर नवा काप घेतला, काही वेळानं तो तपासला, तर तिथे यंत्र मिनिटाला पक्कं. मग बोटाचं काय? मी माझ्या बोटाकडे बघत उभी राहिले. धुऊनसुद्धा नखाच्या कडेला पिवळं उरलं होतं.

ते बोट मी अल्ताफपुढे धरलं.

"अल्ताफ, तुमच्या घरी लागलं-कापलं तर काय करतात?"

"काय करणार? हळद भरतात. आमच्यात पण हळदच की. का हो?"

मी दवाखान्यातल्या त्या परिचारिकेला फोन लावला. आप्पांच्या जखमेत काही होतं का, म्हणून विचारलं. ती हसलीच. "मॅडम, खच्चून हळद होती. कुणाच्या जखमेत नसते? आम्ही रोज धुतोय की खरडून खरडून. लिहायचं काय त्यात?"

खरंच, लिहायचं काय त्यात! यंत्राला शिकवण्यासाठी आम्ही हजारो जखमा दिल्या होत्या. काही परदेशातून आलेल्या, काही आमच्या दवाखान्यातल्या, सगळ्या औषधी पाण्यानं धुतलेल्या, पांढऱ्या पट्टीतल्या. ते शिकवणाऱ्या आमच्यातल्या प्रत्येकाच्या गुडघ्यावर लहानपणी हळद बसली होती. पण कामावर आलो की आम्ही सगळे साहेब होत होतो. हळदीतलं कुर्कुमिन आरडाओरडा करणाऱ्या जनुकांच्या तोंडावर हात ठेवतं, हे तर महाविद्यालयातली पोरंही सांगतील. म्हणूनच आपण ती लावतो, सूज कमी येते म्हणून. पण हाका उशिरा सुरू झाल्या, की मांडवात सगळेच उशिरा येणार. जखम जुनी असली तरी यंत्राला ती ताजी दिसणार. म्हणजे हळद भरलेल्या प्रत्येक जखमेला आमचं घड्याळ मागं पडत होतं, आणि ह्या मुलखात हळद न भरलेली जखम शोधून सापडायची नाही.

केंद्रातल्या सगळ्यांनी त्या आठवड्यात दोन्ही दंड पुढे केले. एका दंडावर नुसता काप, दुसऱ्यावर हळद भरून. शिपायापासून संचालकांपर्यंत. दर वेळी तोच प्रकार. किती हळदीनं घड्याळ किती मागं पडतं, ते गणित बसलं. मग अल्ताफनं आप्पांचे जपून ठेवलेले आकडे काढले आणि त्या गणितात घातले.

जखम सकाळची निघाली. वहिनी शाळेत होत्या, चाळीस पोरांसमोर.

पहिल्या क्षणी मला आनंद झाला. तो क्षणभरच टिकला. सकाळी घरात दादा होता.

मी सरळ सांगलीला गेले. आप्पा पाटावर बसले होते, दादा त्यांना पेज भरवत होता. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"दादा, आप्पांना तू मारलंस?"

त्याच्या हातातला चमचा पडला. मी सगळं सांगितलं. हळद, घड्याळ, सकाळ. तो ऐकता ऐकता पांढरा पडत गेला आणि मग लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला.

"आईशप्पथ पद्मा, मी हात न्हाई लावला. मी घरातच नव्हतो गं."

"म्हणजे?"

"सौदा लवकर निघाला त्या दिवशी. मोठा माल होता. त्रिशला शाळंला गेल्या गेल्या बाहेरनं कडी घातली आन् गेलो. म्हटलं, आत्ता येतोय. सौदा लांबला. ती आली तवा मी यार्डातच होतो."

"आणि सांगितलंस की दुपारपर्यंत घरी होतो?"

"म्हाताऱ्याला कोंडून जायचं म्हंजे त्याच कायद्यात आत टाकत्यात. मी भ्यालो. आन् तुमचं मशीन दुपार म्हणालं. मग माझ्या सकाळचा काय संबंध उरला, सांग की. मला वाटलं, तिनंच मारलं असणार."

"वाटलं? तुझी बायको आहे ती!"

"तुझी पण वहिनी हाय की," दादा म्हणाला.

आप्पा मध्येच खुदकन हसले. त्यांनी डोक्यावरच्या वणाला बोट लावलं आणि मला समजावल्यासारखं म्हणाले, "हळद भरली की मी. राजापुरी. भारी असतीया." म्हणजे ते एकटेच पडले होते, एकटेच उठले होते, कुठला तरी डबा शोधून त्यांनी स्वतःच हळद भरली होती आणि वर टोपी चढवली होती. एवढं सगळं विसरलेल्या माणसाचा हात हळद विसरला नव्हता. मी जमिनीवर बसले आणि रडले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. इथं तर चोरच नव्हता.

आमचे संचालक तीन-चार दिवस मला टाळत होते. मग म्हणाले, "पद्मजाबाई, राज्यभर किती निकाल लागलेत ह्या यंत्रावर, कल्पना आहे ना? सगळे उघडावे लागतील. तुम्ही-मी कुणाला तोंड दाखवणार नाही."

"नाही दाखवणार," मी म्हटलं आणि यंत्राची चूक कबूल करणाऱ्या अहवालावर सही केली. त्यांनीही केली, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. दादानं पोलिसांत जाऊन जबाब बदलला. आता त्याच्यावर वेगळा खटला आहे. तो त्यानं भोगावा, मला काही म्हणायचं नाही. मला आता एकच काम उरलं होतं, आणि त्यासाठी मी अधीर झाले होते. वाटभर वाक्यं जुळवत होते, माफीची, आनंदाची. वहिनी रडतील, मला शिव्या देतील, कदाचित कानाखाली वाजवतील. वाजवावीच, असं मनात येत होतं.

भेटीच्या खोलीत वहिनी आल्या. चार महिन्यांत केस निम्मे पांढरे झाले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. काहीच न लपवता, माझं आणि दादाचंही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वर्गात एखाद्या मुलाची चुकत चाललेली कविता ऐकावी तसं.

"उगीच धावपळ केलीत, पद्मजाताई," त्या म्हणाल्या. "परवा मी न्यायाधीशांपुढं कबूल केलं. लई हलकं वाटलं बघा."

"काय कबूल केलं?"

"मारल्याचं." त्या माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघत होत्या. "तुम्ही म्हणत होता ना, मन झाकून ठेवतं. तसंच होतं. हळूहळू आठवलं सगळं. आप्पांनी ताट भिरकावलं. मी लाटणं घेऊन उठले. ढकललं त्यांना. उंबऱ्यावर डोकं आपटलं. आवाज आला. तो आवाज अजून येतो मला."

"वहिनी, ऐका. असं काही झालेलंच नाही. तुम्ही घरात नव्हता. तुम्ही शाळेत होता. दादानं सांगितलंय, आप्पांनी सांगितलंय. यंत्रसुद्धा आता सकाळच म्हणतंय."

"आधी दुपार म्हणत होतं."

"ते चुकलं होतं. हळदीमुळे."

"आता बरोबर आहे कशावरनं?" त्यांनी खरंच विचारलं, वाद घालायला नाही. "आणि मला दिसतंय ते काय मग? लाटण्याला पीठ होतं, तेसुद्धा दिसतंय की."

मी शास्त्रज्ञ आहे. खोट्या आठवणी कशा तयार होतात, पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारला की मेंदू रिकाम्या जागा कशा भरतो, हे मला सगळं माहीत आहे. मी ते सांगायला लागले. चार वाक्यांनंतर मला माझाच आवाज ऐकू आला. ह्याच खोलीत, ह्याच खुर्चीत बसून, ह्याच खात्रीच्या आवाजात मी चार महिने बोलले होते. मी थांबले.

"कबुली मागं घेता येते," मी शेवटी कसंबसं म्हटलं. "वकील बोललेत. पुढच्या तारखेला सुटाल तुम्ही. घरी जायचं आपल्याला."

"घरी?" पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदलला. "आप्पा आहेत घरात?"

"आहेत ना. रोज विचारतात, त्रिशला कुठाय म्हणून."

"मग नको," वहिनी म्हणाल्या. भीतीनं त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला घरी नेऊ नका हो. तुम्ही कामावर जाणार, हे यार्डात जाणार. मी आणि आप्पा दोघंच राहणार. परत हात उठला माझा, तर?"

मी त्यांचे हात धरायला पुढे झाले. त्यांनी ते चटकन मागं घेतले आणि पदराखाली झाकून ठेवले.